प्रोटीन आकार बदलताना खरंच दिसतं, का सगळी ॲनिमेशनच?
सगळं ॲनिमेशन नसतंय ओ, काही व्हिडिओ खरे पण आहेत. साध्या मायक्रोस्कोपला साधारण 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं काही दिसत नाही आणि प्रोटीन बहुतेक 5-10 नॅनोमीटरचं, म्हणून बघायचं सोडून चाचपायचं. खरसुंडीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं चाचपून भाव ओळखतात ना, हायस्पीड एएफएम (सुईनं चाचपणारा मायक्रोस्कोप) तसंच, एकदम बारीक टोकाची सुई पाण्यातल्या प्रोटीनवर अलगद टकटक करत फिरते आणि उंचसखल नोंदवते, सेकंदाला पाच-दहा फ्रेम निघतात. जपानच्या कानाझावा विद्यापीठातल्या तोशिओ आंदोंच्या टीमनं 2010 मध्ये मायोसिन-5 (पेशीत ओझं वाहणारं चालतं प्रोटीन) ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोरीवर 36 नॅनोमीटरची एकेक ढांग टाकत चालताना टिपलं, मागचा पाय सुटून पुढं कसा झुलतो ते बघाच, मी सांगली स्टँडवर एसटीची वाट बघत चार वेळा बघितला. फक्त वरची कातडी दिसते, आतले अणू नाहीत.

क्रायो-ईएमला (गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं बघायची पद्धत) 2017 चं नोबेल आहे, पण तिथं रेणू गोठवलेले, वेगवेगळ्या क्षणांचे फोटो लावून हालचाल ताडायची. फ्रेट नावाच्या पद्धतीत तर फोटोच नाही, प्रोटीनला दोन चमकणारे रेणू चिकटवायचे, जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याला जाते, त्यावरून अंतर कळतं.