मानदुखीवर ‘डोक्याची गोळी’ का?

“मॅडम, मान दुखती म्हणून गेले, तर डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिली. मी काय येडी झाले का?”

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी बाहेर येताना दिसली की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. सुमनताईंची (नाव बदललंय) गोष्ट त्यांना विचारूनच लिहिते आहे.

वय ४७, तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. गळ्यात कॉलर, काखेत एमआरआयचं पाकीट. गावात कुणीतरी रिपोर्ट वाचून सांगितलेलं, “मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय.” तेव्हापासून मान वळवायचीच त्यांनी सोडली होती. दुखणं थांबवायला मेडिकलमधून आणलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, आठ महिने. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊकच नव्हती!

मी आधी तेवढंच पाहिलं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्या तर उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी गोळी बंद केली, तपासण्या करून घेतल्या.

मग ती ‘डोक्याची गोळी’. अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम, रात्री. औदासीन्यासाठी (डिप्रेशनसाठी) हीच गोळी याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. कमी मात्रेत तिचं काम वेगळं: दुखण्याचे संदेश दाबून धरायची मेंदूची जी स्वतःची सोय असते, तिला ती हात देते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते. आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. “म्हणजे माझं दुखणं खोटं न्हाई?” ताईंनी विचारलं. नाही. तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे, हे वाक्य मी त्या महिन्याभरात किती वेळा म्हणाले असेन!

रिपोर्टचं भूत मात्र उतरेना. जपानमध्ये मानेचा काही त्रास नसलेल्या १२०० हून अधिक लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या सुमारे ८७ टक्के लोकांच्या मानेत मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली (कॉलरीत जेवढी डोलते तेवढी) आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच पाकीट घेऊन आल्या.

चौथ्या भेटीत मी विरळणीबद्दल, म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायच्या कामाबद्दल, विचारलं. “तुम्हाला न्हाई कळायचं.” “मग दाखवा की.” त्या उठल्या. हनुवटीला टोचते म्हणून कॉलर काढून खुर्चीवर ठेवली. खिडकीच्या पडद्याचा वरचा गोंडा हा घड, दोन बोटं ही कात्री. “पाकळ्या मोजून ठेवायच्या. आतलं बारीक मणी काढायचं, न्हाईतर घड गच्च हुतो.” मान वर, दोन्ही हात डोक्यावर, चांगली तीन-चार मिनिटं.

मी गप्प बसले. सांगायची घाई केली असती तर तो क्षण गेला असता. इतक्या वर्षांत एवढं थांबणं मी शिकले आहे. त्यांची नजर स्वतःहून खुर्चीवरच्या कॉलरकडे गेली.

“दुखलं का?”

“दुखलं की. पण भ्या वाटलं न्हाई.”

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. कळ आणि हाल यांच्यामध्ये आपण कळीला दिलेला अर्थ उभा असतो, असं मी मानते. ताईंचा अर्थ होता, ‘नस तुटणार, मी लुळी पडणार.’ त्या भीतीने खांदे दिवसभर आखडलेले, झोप उडालेली, आणि त्यामुळे कळ आणखी वाढलेली. त्या दिवशी पाकीट माझ्याच टेबलावर राहिलं.

पुढचं काम साधं होतं, पण चिकाटीचं. बरं वाटलं की दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचं, ही सवय मोडली. वीस मिनिटं झाली की हात खाली, दुखत असो वा नसो. उभं राहायला पाट, म्हणजे घड डोळ्यांसमोर येतो. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, डॉक्टरांच्या सल्ल्याने कॉलर हळूहळू बंद. कंबरदुखीवाल्यांनाही मी हेच सांगते. जुनाट कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्यायाम, माहिती आणि विचार-वर्तनावरचं समुपदेशन यांना पाठिंबा दिलाय. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणं) सरसकट वापरू नका असं म्हटलंय.

मात्र हातापायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, ताप, कारणाशिवाय वजन घटणं, यांतलं काहीही असेल तर माझ्याकडे येऊ नका. थेट दवाखाना गाठा.

ताईंची मान आजही दुखते. दहापैकी आठ होतं, आता तीन-चार. रात्रीची गोळी चालू आहे, कमी कधी करायची ते डॉक्टर बघतील. मागच्या मंगळवारी त्यांचा फोन आला: “मॅडम, ह्या आठवड्यात जमणार न्हाई. विरळणी चाललीया.”