पंखवाल्यांना जमिनीवर कसं आणायचं?

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी रामबागेत डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) पाचवी आवृत्ती खेळतो. जग घरचंच आहे : माळव्याचं पठार, विंध्याचे घाट, खाली नर्मदेचं खोरं. त्यात मी गरुडवंशी, अंधारात दिसणारे गुहावासी आणि माणसं अशा रेस, म्हणजे पात्रांचे वंश, ठेवल्या. गरुडवंशी पहिल्या लेव्हलपासून उडतो आणि बाकीचे बसून राहतात. त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) कमी केले, तरी फरक नाही.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : त्याला मार लागतच नाही, मग हिट पॉइंट कापून काय होणार? लाँगबोचा (लांब धनुष्याचा) नेहमीचा पल्ला १५० फूट, तर भाला फेकून फार तर ६० फूट जातो. तो १०० फुटांवरून बाण सोडतो आणि खालचे भालेवाले वर बघत राहतात. किंमत उडण्यातूनच वसूल करा.

विझर्डला (जादूगाराला) उडण्याचा मंत्र पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही १० मिनिटांचा आणि एकाग्रता मोडली की संपणारा. म्हणून चौथ्या लेव्हलपर्यंत गरुडवंशीला एका टर्नमध्ये (त्याच्या एका पाळीत) ३० फूट उडू द्या, पण टर्न संपताना पाय कशावर तरी टेकलेले हवेत. नाहीतर पडला : दर १० फुटांना एक सहाबाजूंचा फासा. विंध्यातल्या जाम गेटाखालची दरी ओलांडून तो पलीकडे दोर बांधून देईल, म्हणजे पंखांचा उपयोग सगळ्यांनाच. पाचव्या लेव्हलला मोकळं उडू द्या, मात्र मिडियम किंवा हेवी आर्मर (मध्यम किंवा जड चिलखत) घालून नाही.

गुहावासींना उन्हात डिसॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घेणं) दिला असेल तर तो काढा. सगळी मोहीम गुहेत असेल तर ती उणीव फुकटची, आणि पठारावर असेल तर वीसबाजूंच्या फाशावर ११ लागणाऱ्या वाराची शक्यता ५० वरून २५ टक्क्यांवर येते. खेळाडू दिवसभर चुकतच राहतो. उन्हात आल्यावर लढाईच्या पहिल्या राउंडपुरतं (फेरीपुरतं) डोळे दिपणं पुरे. पूर्ण अंधारात मात्र त्यांना अंधूकच दिसतं, म्हणजे नजरेच्या चाचणीला डिसॲडव्हांटेज आणि पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता आपोआप लक्षात येण्याचा आकडा) ५ ने कमी. हा नियम बरेच जण विसरतात. तो पाळलात की मशालवाल्या माणसाची गरज आपोआप राहते.

एखाद्या रेसला फाशाच्या आकड्यात मिळणाऱ्या अधिक एकवरून वाद घालू नका. वीस फेकींत तो सरासरी एकदाच कामी येतो.

चाचणीसाठी तिसऱ्या लेव्हलचा एकच फायटर (लढवय्या) तिन्ही रेसमध्ये बनवा आणि उघडं मैदान, अरुंद गुहा, दरबारातली बोलणी या तिन्ही प्रसंगांतून न्या. कोण जिंकलं ते राहू द्या. कुठल्या रेसने अख्खा प्रसंगच टाळला, तेवढं टिपा आणि आधी तीच दुरुस्त करा.