आमच्या आप्पांचं सोडियम 128 आलंय, हातापायांत जोर नाही. मीठ वाढवू का?

तुम्ही लिहिलंय ते असं: आप्पा 74 वर्षांचे, धुळ्याकडे राहतात, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. शेजारचे म्हणतात मीठ वाढवा, केळी द्या. आणि सोडियम भरून आलं की ताकद परत येईल का, हा तुमचा खरा प्रश्न.

मीठ आपल्या मनाने वाढवू नका. मी डॉक्टर नाही. जळगावच्या एका लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासलं. सुरुवातीला आमच्याकडे ज्योतीचं यंत्र होतं, सोडियम असलं की ज्योत पिवळीधमक व्हायची. त्या काळापासून एक गोष्ट पाहत आलोय. रिपोर्टात 'सोडियम कमी' दिसलं की घरचे लोक मिठाचा डबा काढतात. पण तो आकडा शरीरात मीठ किती आहे ते सांगतच नाही. एक लिटर रक्तद्रवात किती सोडियम आहे, एवढंच तो सांगतो. वरणात पाणी जास्त झालं की ते अळणी लागतं, मीठ तेवढंच असतं ना? म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा असंच झालेलं असतं.

नेहमीचा आकडा 135 ते 145. 130 ते 134 सौम्य, 125 ते 129 मध्यम, त्याखाली गंभीर. आप्पा मधल्या पायरीवर आहेत. म्हणजे घाबरून धावायचं नाही, पण 'वय झालं' म्हणून महिनाभर घरी बसायचंही नाही. वांत्या, खूप डोकेदुखी, गुंगी, बरळणं किंवा फिटचा झटका, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच रात्री दवाखाना गाठा. तिथेही सोडियम दमादमाने वाढवतात, 24 तासांतली वाढ 8 ते 10 च्या वर जाऊ देत नाहीत. बरेच दिवस खाली राहिलेलं सोडियम एकदम चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरी मीठपाण्याचे ग्लास पाजायला मी विरोध करतो, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण माझ्या मायचं.

माय अमळनेर तालुक्यात गावी राहायची, 71 वर्षांची. बीपीची गोळी बदलली, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ती भिंत धरून चालायला लागली. फोनवर म्हणायची, "पायमा जीव नही रे." मे महिना होता, ऊन 44-45 च्या घरात. मी रोज फोन करून बजावायचो, माय पाणी पी, तीन लिटर तरी पी. लॅबवाला मुलगा सांगतोय म्हणून तिने तांब्या उशाशी ठेवला. एका सकाळी ओट्यावरून उतरताना पडली, मनगट मोडलं. रक्त काढलं तर सोडियम 124. नव्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. ते मिठाला बाहेर काढतं आणि पाण्याचा निचरा अडवतं, आणि वरून मी पाणी ओतायला लावलेलं. तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे वाचले, आपल्या घरचा वाचायचा राहून गेला.

म्हणून आधी आप्पांच्या गोळ्या बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही लघवी वाढवणाऱ्या औषधांची नावं शोधा. पुष्कळदा बीपीच्या गोळीच्या नावामागे फक्त 'एच' असतो, तो म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. उदासीवरच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या आणि फिटसाठीची कार्बामाझेपिन यांनीही सोडियम उतरतं. गुडघेदुखीसाठी कुणाकडून पुड्या घेत असतील तर तेही लपवू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि ते अचानक बंद झालं तर अशक्तपणा आणि कमी सोडियम दोन्ही एकत्र येतात. पण कुठलीही गोळी आपणहून थांबवायची नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. थायरॉइड, हृदय, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसाचा संसर्ग, कारणं बरीच आहेत. पाय सुजलेले असतील तर उपाय एक, जुलाब होऊन शरीर सुकलं असेल तर अगदी उलटा. रक्तासोबत लघवीतलं सोडियमही तपासायला सांगतात ते यासाठी.

आकडाही एकदा पारखून घ्या. सलाइन लावलेल्या हातातून रक्त काढलं होतं का? साखर किती होती? साखर 100 च्या वर जशी चढते तसं सोडियम खाली दिसतं, दर 100 मागे साधारण 1.6 ने, काही जण 2.4 धरतात. साखर 400 असेल तर 128 चा अर्थच बदलतो. रक्तात चरबी फार असेल तर काही यंत्रं खोटा कमी आकडा देतात.

आता ताकद. स्नायू आकुंचन पावतो तो सोडियम आणि पोटॅशियमच्या येण्याजाण्याने निघालेल्या विजेवर, म्हणून लोकांना वाटतं सोडियम उतरलं की स्नायूचा करंट गेला. पण 128 वर मुख्य गडबड बहुधा मेंदूकडे असते. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. हळूहळू झालं तर पेशी जुळवून घेतात, पण लक्ष आणि तोल ढिले पडतात. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये सोडियम असं खाली असलेले 122 रुग्ण पाहिले. त्यांना वरवर काही त्रास नाही असंच समजलं जात होतं. त्यांतले 21.3 टक्के पडून दवाखान्यात आले होते, तुलनेला घेतलेल्या 244 जणांत हेच प्रमाण 5.3 टक्के. आप्पांना 'पायांत जोर नाही' वाटतंय, त्यात असा तोलाचा भागही असू शकतो.

पण स्नायूंचाही संबंध आहेच. सोडियम कमी असलेल्या वृद्धांची मुठीची पकड कमी आणि चाल मंद, असं पाहण्यांत आलंय. अमेरिकेत 2013 मध्ये म्हाताऱ्या उंदरांचं सोडियम महिनोन्महिने खाली ठेवून पाहिलं, तर त्यांची हाडं आणि स्नायू दोन्ही झिजले. माणसांत मात्र कोण कोणामुळे हे सांगणं अवघड, कारण आजारी आणि कमी खाणाऱ्या माणसाचं दोन्ही उतरतं.

या 'कमी खाणाऱ्या'पाशी जरा थांबा, आपल्याकडे मला हेच जास्त दिसतं. दात गेले, कळण्याची भाकरी चावत नाही, फौजदारी डाळ तिखट लागते. मग सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी चहात बुडवलेला पाव, रात्री पातळ खिचडी. मूत्रपिंड नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही, सोबत काहीतरी विरघळलेलं लागतं. प्रथिनं पचून युरिया होतो, तो आणि मीठ मिळून पाणी घेऊन जातात. डाळ, दही, अंडी सुटली की पाणी आत साचतं आणि सोडियम पातळ होतं, आणि त्याच उपासमारीने मांड्याही वाळतात. एकाच ताटातल्या उणिवेने दोन्ही घडतं. मूत्रपिंड ठीक असेल तर वृद्धांना वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सांगतात. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. चहा-बिस्किटात ती कुठून येणार?

केळ्यांबद्दल: रावेर-यावलचा शेतकरी रागावेल, पण केळ्यात सोडियम नावालाच असतं, आहे ते पोटॅशियम. आप्पा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन या बीपीच्या गोळ्या घेत असतील किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम अंगात साचतं, म्हणून केळ्यांचा मारा नको. आणि सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, त्यात वेगळं काही नाही.

ताकद घरी मोजता येते. भिंतीला टेकवलेली हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर बांधून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या मापाप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर शक्ती कमी समजतात. पकड मोजायचं यंत्र डॉक्टरांकडे असेल तर पुरुषांत 28 किलोच्या खाली आणि बायकांत 18 च्या खाली कमी. आप्पा हात टेकल्याशिवाय उठतच नसतील तर घड्याळ लावायची गरज नाही, तेवढंच डॉक्टरांना सांगा.

मायची गोळी बदलली, पाणी मोजून दिलं, आठ-दहा दिवसांत सोडियम 135 झालं. भिंत सुटली, बोलणं तरतरीत झालं. पण खुर्चीतून उठणं तसंच राहिलं. ते यायला चार महिने लागले: रोज दोनदा खाटेवरून उठबस, आधी पाच, मग दहा, आणि दोन्ही जेवणांत डाळ किंवा अंडं. तेव्हा सोडियम सुधारूनही आप्पा लगेच टुणकन उठले नाहीत तर औषध लागू पडलं नाही असं धरू नका.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची सगळी पिशवी उचलून न्या, पुड्यांसकट. नावं तोंडी सांगायला गेलं की नेमकी तीच एक राहून जाते.