बेसॉल्ट, कसोटी आणि काळवत्री

दगडांचा संग्रह करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, तळहाताएवढा, आरशासारखी जिल्हई केलेला आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला एक दगड त्यांनी प्रदर्शनात विकत घेतला, त्याच्या चिठ्ठीवर ‘काळा संगमरवर – बेसॉल्ट’ असे छापलेले होते. तर ही दोन्ही नावे एकाच दगडाची आहेत काय, ‘बेसॉल्ट’चा मूळ अर्थ काय, आणि संग्रहातील चिठ्ठीवर मराठीत काय लिहावे?

चकाकेल त्या दगडाला संगमरवर म्हणण्याची ही खोड मी देवळांच्या माहितीफलकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे वाचत आले आहे आणि दर वेळी मला तिचा तितकाच त्रास होतो. संगमरवर हा उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतर पावलेला चुनखडक आहे, तर बेसॉल्ट हा थिजलेला लाव्हा आहे. दोघांचे कूळ वेगळे, घटक वेगळे आणि काठिण्यही वेगळे. जिल्हई हा दगडाचा गुण नसून ती घोटणाऱ्या हाताची करामत आहे, त्यामुळे तिच्यावरून दगडाची जात ठरत नाही. शंका असल्यास चाकूचे टोक ओढून पाहावे: संगमरवरावर सहज ओरखडा उमटतो, बेसॉल्टवर मात्र चाकू कष्टाने चालतो. सौम्य आम्लाने संगमरवर फसफसतो, बेसॉल्ट फसफसत नाही; पण असा थेंब टाकणार असाल, तर तो काळ्या भागावर टाकावा. माझ्याकडच्या अशाच एका तुकड्यावर मी थेंब टाकला, तेव्हा सहा ठिपक्यांपैकी दोन फसफसले आणि बाकीचे चार निवांत राहिले. लाव्हातील वायूचे बुडबुडे जिथे अडकले होते, त्या बदामाएवढ्या पोकळ्यांत नंतर कुठे कॅल्साइट (संगमरवरातलेच, आम्लाने फसफसणारे खनिज), तर कुठे जिओलाइट (न फसफसणारे दुसरे खनिज) भरले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. ओट्यावरच्या ‘काळ्या ग्रॅनाइट’लाही हाच न्याय लावावा, कारण तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे ग्रॅनाइटहून वेगळा काळा अग्निज खडक, असतो.

आता ‘बेसॉल्ट’कडे वळू. या शब्दात ‘सॉल्ट’ ऐकून त्याचा मिठाशी संबंध जोडणाऱ्यांनी तो विचार सोडून द्यावा. हा शब्द मुळात लेखनिकाच्या हातून झालेल्या चुकीतून जन्मला, आणि माझ्या मते खडकांच्या नावांत याच्याइतकी सुंदर चूक दुसरी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ग्रंथाच्या ३६व्या खंडात लोखंडाच्या रंगाचा आणि लोखंडासारखा कठीण असा एक दगड वर्णिला आहे. त्याचे नाव ‘बसानितेस’. पण हस्तलिखितांच्या नकला होता होता त्यातला ‘नि’ गळून तिथे ‘ल’ आला आणि ‘बसाल्तेस’ तयार झाला. पुढे १५४६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ गेओर्ग आग्रिकोला याने सॅक्सनीतील श्टोल्पेनच्या किल्ल्याखालच्या काळ्या, खांबांसारख्या खडकाला हेच चुकलेले नाव दिले आणि ते भूविज्ञानात कायमचे रुजले. शुद्ध रूपही वाया गेले नाही: ‘बॅसनाइट’ या नावाने आज ज्वालामुखीपासून बनणारा एक वेगळाच खडक ओळखला जातो.

काही जुने कोश मात्र अजूनही सांगतात की, हा लोखंडाचा अर्थ असलेला कोणता तरी आफ्रिकी शब्द आहे. त्याचे कारण इतकेच की, रंग व काठिण्य सांगून झाल्यावर प्लिनी ‘त्यावरूनच हे नाव पडले’ अशी पुस्ती जोडतो आणि कोशकार ती पुस्ती न तपासता उचलतात. तो आफ्रिकी शब्द कोणता, हे मात्र यांपैकी कोणी दाखवत नाही, आणि दाखवता येत नसलेला शब्द व्युत्पत्ती म्हणून छापणे मला अक्षम्य वाटते. समोर धडधडीत ग्रीक शब्द उभा आहे: ‘बासानोस’, म्हणजे सोन्याचा कस पाहण्याचा काळा दगड. त्याच्याही मागे इजिप्तमधील ‘बेखेन’ हे नाव असल्याचे अभ्यासक मानतात. वादी हम्मामातच्या खाणीतला तो बेखेन दगड इ.स.पू. ११५० च्या सुमारास काढलेल्या, आज तुरिनमध्ये असलेल्या पपायरसवरील नकाशात दाखवलेला आहे, आणि तो गाळाचा खडक आहे. म्हणजे गाळाच्या खडकाचे नाव कसोटीच्या दगडावरून लाव्हाच्या खडकापर्यंत येऊन पोहोचले.

‘बासानोस’चा अर्थ पुढे ‘परीक्षा’ असा झाला आणि अथेन्सच्या न्यायालयांत गुलामाकडून छळ करून काढलेल्या साक्षीलाही हाच शब्द लागला. आपल्याकडे तीच वाट ‘कष्’ म्हणजे घासणे या धातूने चालली, पण छळापर्यंत गेली नाही. ‘निकष’ त्यातलाच, ‘कस लावणे’, ‘बावनकशी सोने’ हे प्रयोगही त्याच कुळातले, आणि ‘कसोटी’ ही संस्कृत ‘कषपट्टिका’, प्राकृत ‘कसवट्टिआ’ या पायऱ्या उतरून मराठीत आली.

यातल्या ‘प’चा ‘व’ झाला, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण माझे आवडते अनुमान त्यावरच उभे आहे. आपल्या बेसॉल्टला मराठीत ‘काळवत्री’ किंवा ‘काळवथरी’ असा खणखणीत शब्द आहे. पाथरवटांना तो ठाऊक आहे आणि मूर्तींच्या जुन्या वर्णनांत तो भेटतो. माझ्या मते त्याचे मूळ ‘काळा’ आणि ‘प्रस्तर’ यांत आहे: प्रस्तराचा पत्थर झाला, आणि समासात स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘प’चा, कसवट्टीत झाला तसाच, ‘व’ झाला. या शब्दाला ‘काळ’ आणि ‘वस्त्र’ जोडून काळे वस्त्र पांघरलेला दगड असा अर्थ मला एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगण्यात आला होता. तो कल्पक असला, तरी माझ्या लेखी टिकत नाही, कारण ‘वथरी’ या रूपातला ‘र’ वस्त्रातून येतो असे मानले, तरी ‘थ’साठी दगड हाच अर्थ असलेला ‘पत्थर’ समोर असताना तो सोडून कापडाकडे जाण्याचे काही कारण राहत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने आपली पठारे, लेणी आणि किल्ले यांचा बहुतेक कातळ घडवला असताना त्याचे घरचे नाव आपण विसरावे, हे मला फार लागते.

वाचकांना एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्या दगडावर अंगठी घासून कस पाहण्याचा मोह होईल, पण सोनाराच्या कसोटीचा पृष्ठभाग सपाट आणि बारीक पोताचा असला तरी चकचकीत नसतो. सोन्याची रेघ धरून ठेवायला त्याला किंचित खरखर लागते, आणि आरशासारख्या जिल्हईवरून सोने नुसते घसरते. चिठ्ठीवर ‘काळवत्री (बेसॉल्ट), जिल्हई केलेला, पोकळ्यांत कॅल्साइट व जिओलाइट’ असे लिहावे, मात्र ती दोन खनिजे स्वतः तपासून घेतल्यावरच, आणि दगड कोणत्या गावचा हे विक्रेत्याकडून विचारून त्याखाली नोंदवावे.