लास वेगासला होणाऱ्या कॉलेज फुटबॉल फायनलची तिकिटं आत्ताच घेऊन ठेवावीत का?

तुम्ही टेक्सास विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी, राहता डॅलसला. जानेवारीत सासरे नाशिकहून येणार आहेत आणि 25 जानेवारी 2027 ची नॅशनल चॅम्पियनशिप तिघांनी मिळून बघायचा बेत आहे. रीसेल साइटवर, म्हणजे लोक आपली तिकिटं पुन्हा विकतात तिथे, तिकिटं दिसतायत, तर आत्ताच घेऊन टाकू का, असा तुमचा प्रश्न.

तिकीट आत्ता घेऊ नका. हॉटेल मात्र आजच बुक करा, पैसे न कापता रद्द करता येईल असं.

या फायनलच्या तिकिटाचा भाव ठरतो तो कोणत्या दोन टीम पोचल्या आणि त्यांची गावं मैदानापासून किती लांब आहेत यावर. जानेवारी 2019 ची फायनल सॅन फ्रान्सिस्कोजवळ सँटा क्लॅराला होती, अलाबामा विरुद्ध क्लेमसन. दोन्ही देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या. त्यात ह्याच दोन टीम चार वर्षांत तिसऱ्यांदा फायनलला समोरासमोर, सामना सोमवारी रात्री, आणि तिथल्या लोकांना दोघींशी काही देणंघेणं नाही. शेवटी शेवटी तिकीट दोनशे डॉलरच्या खाली आलं. त्याच्या एकच वर्ष आधी अटलांटात अलाबामा विरुद्ध जॉर्जिया होतं. जॉर्जियाचं विद्यापीठ तिथून दीड तासावर, त्यामुळे भाव आभाळाला टेकले. जानेवारी 2026 मध्ये तर मायामीची टीम स्वतःच्याच घरच्या मैदानावर फायनल खेळली, आणि समोर इंडियाना, जिने तोवर एकदाही विजेतेपद बघितलं नव्हतं. अगदी वरच्या कोपऱ्यातल्या सीटलासुद्धा हजारो डॉलर पडत होते.

वेगासचं गणित जरा वेगळं आहे. तिथे फायनलला पोचेल अशी घरची टीम नाही, त्यामुळे मायामीसारखं व्हायची शक्यता कमी. पण वेगासला जायला लोकांना निमित्तच हवं असतं, तेव्हा सँटा क्लॅरासारखी पडझडही मी धरून चालणार नाही. कोणत्या टीम येणार ते सेमीफायनलनंतरच कळतं. ज्या दिवशी ते ठरतं त्या रात्री दोन्हीकडचे चाहते एकदम साइटवर तुटून पडतात. ते दोन-तीन दिवस जाऊ द्या. हरलेल्या टीमच्या लोकांनी आधीच घेतलेली तिकिटं त्यानंतर बाजारात येतात आणि भाव बहुधा सैल होतो. टेक्सासच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको म्हणा. जानेवारी 2024 आणि जानेवारी 2025, दोन्ही वेळा टीम सेमीफायनलला गेली आणि तिथूनच घरी आली. आधीच फायनलची तिकिटं काढून बसलेल्यांनी मग ती विकलीच असतील.

मूळ किमतीतलं तिकीट मिळायचे रस्ते थोडे आहेत. दोन्ही विद्यापीठांना कोटा मिळतो, पण तो आधी देणगीदार आणि सीझन तिकीटवाल्यांकडे जातो. तुमच्याकडे लाँगहॉर्न फाउंडेशनचे (टेक्सासच्या खेळांना देणगी देणाऱ्यांची संस्था) पॉइंट जमलेले असतील तर टेक्सास जिंकत असताना त्यांच्या ईमेलवर डोळा ठेवा. ही फायनल भरवणाऱ्या प्लेऑफवाल्यांची स्वतःची लॉटरी असते, तिचे अर्ज सहसा वसंतातच घेतात. अधिकृत पॅकेजं ‘ऑन लोकेशन’ विकतं, त्यात जेवण-पार्टी सगळं येतं आणि किंमतही तशीच येते. सासऱ्यांना खेळच बघायचाय, तर मी त्या वाटेला जाणार नाही.

उरलं रीसेल. तिथे एवढ्या आधी दिसणारी काही तिकिटं अजून विकणाऱ्याच्याही हातात आलेली नसतात. तो आज तुमच्याकडून पैसे घेतो आणि पुढे स्वस्तात मिळतील या आशेवर बसतो. म्हणजे बाजारात तुरी! नाही मिळाली तर साइट पैसे परत देते, पण तुम्ही तोवर विमानाची तिकिटं काढून वेगासला पोचलेल्या असता. फीचं मात्र आता बरं झालंय. मे 2025 पासून अमेरिकेत तिकिटाची फी धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर झटका बसत नाही. हाच नियम हॉटेलांनाही आहे, आणि खोलीच्या भाड्यावर वेगळी लावली जाणारी वेगासची रिसॉर्ट फी ज्यांनी भरलीय त्यांना याचं मोल विचारा.

तुम्हाला तीन सीट हव्यात, ही खरी अडचण. विकणारे बहुतेक जोडीने विकतात, आणि चारातल्या तीन द्यायला तयार नसतात कारण उरलेली एक पडून राहते. तिघं एकत्रच बसायचा हट्ट नसेल तर एक जोडी आणि त्याच सेक्शनमध्ये एक सुटी सीट घ्या, स्वस्त पडेल.

सीट निवडताना नुसती किंमत बघू नका. जिथे विद्यार्थी आणि बँड बसतो त्याच्या आसपास लोक सामनाभर उभेच असतात, आणि सामना साडेतीन-चार तास चालतो. पुढचे उभे राहिले की सासऱ्यांना मैदानाऐवजी पाठी दिसतील. एंडझोनपासून, म्हणजे मैदानाच्या दोन टोकांपासून लांब, मधल्या मजल्यावर बाजूची सीट मिळाली तर जास्त पैसे द्या. तिथे विद्यापीठांच्या कोट्यातली गर्दीही कमी असते.

व्हॉट्सॲप किंवा फेसबुक ग्रुपवर ‘आपलाच माणूस’ तिकीट विकत असला तरी झेल (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने पैसे पाठवू नका, गेलेले पैसे परत येत नाहीत. क्रेडिट कार्ड चालत असेल तरच व्यवहार करा. तिकीट फोनवरच येतं, त्याचा बारकोड सतत बदलत राहतो, म्हणून कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर तो गेटवर चालत नाही. तिकीट तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर ट्रान्सफर झालेलं दिसलं की मगच ते तुमचं.

अलीकडच्या फायनल पूर्वेच्या घड्याळाने संध्याकाळी साडेसातला सुरू झाल्यात, म्हणजे वेगासमध्ये दुपारी साडेचार. सामना जिथे आहे त्या अलीजियंट स्टेडियमला गाडी नेऊ नका. मँडले बे किंवा लक्सरच्या बाजूला हॉटेल घेतलंत तर हायवेवरचा हॅसिएंडा पूल सामन्याच्या दिवशी फक्त चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, तिघं आरामात चालत जाल. मैदान बंद छताचं आहे, त्यामुळे जानेवारीतल्या थंडीची चिंता फक्त पुलावरच. आत रोख पैसे चालत नाहीत, आणि बॅग न्यायचीच असेल तर पारदर्शक न्या.