शंका कामाबद्दल, दोष स्वतःला

मार्केटिंगमधल्या मुलांच्या नोकऱ्या टिकत का नाहीत, अशी विचारणा समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा आईवडिलांकडून येते. मुलगा हुशार आहे, पण कुठे बूड टेकत नाही, असे त्यांचे म्हणणे असते आणि लग्नाची बोलणी सुरू असतील तर काळजी दुप्पट होते. या वेळी मात्र ती तक्रार स्वतःबद्दलच घेऊन एक तरुण आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय २९, पाच वर्षांत चार नोकऱ्या: पुण्यातली जाहिरात एजन्सी, मग सोलापुरातला एक क्लास, वाहनांची शोरूम आणि आता अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. तिथलाही राजीनामा लिहून तयार होता. ‘मॅडम, रील बघून कोणी माल घेतो, यावर माझाच विश्वास उरलेला नाही आणि मी त्याचाच पगार घेतो. माझ्यातच काहीतरी खोट असणार,’ असे तो म्हणाला.

निमित्त घडले होते ते जानेवारीत. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीची त्याने सुरेख रील केली आणि शेवटी कारखान्याचे नाव टाकले. दोन दिवसांत व्ह्यूज लाखावर गेले, मालकांनी पेढे वाटले आणि आठवड्याने विचारले, ‘ऑर्डरी किती आल्या?’ एकही आली नव्हती, आणि येण्याचे कारणही नव्हते. या कारखान्याचा माल हॉटेलांचे पुरवठादार आणि घाऊक व्यापारी उचलतात. ते जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) किती, धुतल्यावर टॉवेल किती आटतो, माल कधी सुटेल एवढेच विचारतात आणि तेही फोनवर. रील पाहणारे लोक भक्तिभावाने नंदीध्वज पाहत होते. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात, दिवसअखेर किती माल उतरला ते त्यांना मोजून सांगता येते आणि मजुरीही त्यावरच ठरते. ‘आज तू काय केलंस, असं बाबांनी विचारलं तर मी काय सांगू?’ या प्रश्नापाशी तो बराच वेळ थांबला.

अशा वेळी समुपदेशकाला आधी एक गोष्ट तपासावी लागते. हा अविश्वास विचारातून आला आहे की थकव्यातून? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या स्पष्ट करताना तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती असल्याचे म्हटले आणि त्याची तीन लक्षणे दिली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. याच्यात तिन्ही थोडीथोडी दिसत होती. रात्री एक वाजताही तो कारखान्याच्या पानावरच्या कमेंट पाहत असे, झोप तुटक होती. म्हणून राजीनाम्याचा निर्णय लांबवून आम्ही आधी झोपेकडे वळलो. रात्री नऊनंतर कारखान्याचे खाते बंद, हा नियम त्याने मालकांना सांगून घातला. त्यांनी फारशी कुरकुर केली नाही, याचेच त्याला नवल वाटले.

काही आठवड्यांत झोप सुधारली, चिडचिड ओसरली, पण शंका मात्र जशीच्या तशी राहिली. माझ्या दृष्टीने ही चांगली खूण होती. थकव्याची तुच्छता विश्रांतीने बरीच निवळते. जी उरते ती विचारातून आलेली असते. तेव्हा मी त्याला सांगितले की अशी शंका घेणारा तो एकटा नाही. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ आपण सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवत होतो, हे फेसबुकने २०१६ मध्ये स्वतः मान्य केले होते. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपनीने २०१७ मध्ये डिजिटल जाहिरातींवरच्या खर्चाला मोठी कात्री लावली आणि विक्रीवर त्याचा परिणाम दिसला नाही, असे जाहीरपणे सांगितले.

नंतर चारही नोकऱ्या कागदावर मांडल्या: तिथे यश कशाने मोजत होते, आधीचा माणूस का गेला आणि हा का गेला. चारपैकी तीन ठिकाणी आधीचा माणूस वर्षाच्या आत सोडून गेलेला होता. म्हणजे माणसे धरसोड करणारी नव्हती, जागाच तशी होती: लाइक मोजायचे आणि जाब विक्रीचा विचारायचा. एजन्सी मात्र त्याने नाही म्हणता न आल्याने सोडली होती, आणि तेवढा भाग त्याने आपल्या नावावर घेतला. या मांडणीत एक अनपेक्षित गोष्टही निघाली. क्लासमध्ये पालकांकडून मोबाइलवर भरून घेतलेल्या चौकशीच्या अर्जांतून खरोखरच प्रवेश झाले होते. त्याने ते तेव्हा मोजलेच नव्हते. ‘सोशल मीडिया फसवा आहे’ हे त्याचे सरसकट मत इथे ढिले पडले. गिऱ्हाईक गावातले आणि निर्णय घरातला असेल तिथे हे माध्यम उपयोगी पडते, घाऊक टॉवेलसाठी फारसे नाही, इथवर तो स्वतःच आला.

नवी नोकरी धरताना काय पाहावे, असे अनेक जण विचारतात. माझ्या मते पगाराच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: या जागेवरचा आधीचा माणूस किती दिवस टिकला आणि सहा महिन्यांनी माझे काम कोणत्या आकड्यावर जोखले जाईल? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजावे.

त्याने राजीनामा दिला नाही. व्ह्यूजऐवजी महिन्याकाठी आलेल्या घाऊक चौकशा मोजाव्यात, असे त्याने मालकांपुढे ठेवले; त्यांनी ‘तीन महिने बघू’ म्हणून होकार दिला. आता तो नमुन्यांचे फोटो जीएसएमसह व्हॉट्सअ‍ॅपवरून व्यापाऱ्यांना पाठवतो आणि फोनची नोंद वहीत ठेवतो. सणाच्या शुभेच्छांच्या पोस्ट मालकांना अजूनही हव्याच असतात. त्या तो अर्ध्या तासात उरकतो.