१२ सामन्यांची आफ्रिका, १९ सामन्यांचे आपण

भाऊ, तुमचा प्रश्न असा: २०२३-२५ च्या कसोटी अजिंक्यपदात आपण ९ कसोट्या जिंकलो, दक्षिण आफ्रिका ८ जिंकली. तरी लॉर्ड्सवर फायनल ते खेळले, गदाही तेच घेऊन गेले, आणि आपण तिसरे. मग गुणांच्या टक्क्यांवर क्रम लावायचा हा घोळ मुद्दाम केला आहे का? आणि फायनल ड्रॉ झाली असती तर काय? दोघातिघांनी ‘सेटिंग आहे’ म्हणून विषय मिटवून टाकला, म्हणून जरा लांबण लावतो. वीसेक वर्षं गावच्या टूर्नामेंटचं स्कोअरिंग केलंय, आकडेमोडीची खोड जात नाही.

सोयाबीन निघाल्यावर दोन शेतकरी पारावर भेटले की पहिला प्रश्न काय असतो? ‘एकरी किती झडती लागली?’ म्हणजे एकरी उतारा किती आला. एकूण पोते किती झाले ते नंतर. १९ एकरवाल्याच्या घरी १२ एकरवाल्यापेक्षा चार पोते जास्त आले म्हणून त्याची शेती चांगली पिकली असं कोणी म्हणत नाही. टक्केवारी म्हणजे ही झडती.

आता हिशोब. जिंकलं की १२ गुण, टाय ६, ड्रॉ ४, हरलं की भोपळा. आफ्रिका १२ कसोट्या खेळली: ८ विजयांचे ९६, एका ड्रॉचे ४, झाले १००. जास्तीत जास्त मिळू शकत होते १४४. म्हणजे ६९.४४ टक्के. आपण १९ खेळलो: ९ विजयांचे १०८, दोन ड्रॉचे ८, झाले ११६. त्यातून २ कापले गेले, कारण डिसेंबर २०२३ मध्ये सेंच्युरियनला आपण षटकं वेळेत टाकली नाहीत. उरले ११४, मिळू शकत होते २२८. बरोबर अर्धे, ५० टक्के. ऑस्ट्रेलियाही १९ खेळली, १३ जिंकली, मँचेस्टरला संथ षटकांपायी १० गुण घालवूनही ६७.५४ वर राहिली.

तुम्ही आपले ९ विजय मोजले, ८ पराभव मोजायचे राहिले. त्यातले तीन तर न्यूझीलंडने २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगळुरू, पुणे आणि मुंबईत आपल्याच अंगणात येऊन आपल्या पदरात टाकले. त्याला सेटिंग काय करणार?

टक्के मुळात आले कुठून तेही सांगतो. १ ऑगस्ट २०१९ ला ॲशेसपासून स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रत्येक मालिकेला १२० गुण होते, सामने कितीही असोत. दोन सामन्यांची मालिका असेल तर एका विजयाचे ६०, पाचांची असेल तर २४. म्हणजे इंग्लंडमध्ये दीड-दोन महिने घाम गाळून एक सामना काढा, त्याचं मोल घरी दोन कसोट्यांसाठी आलेल्या पाहुण्याला हरवण्याच्या निम्म्याहून कमी. मग कोरोनात मालिका रद्द झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये टक्केवारी आली. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचे मेलबर्नला दोन षटकं कमी पडली म्हणून ४ गुण गेले आणि त्यांची फायनल हुकली. न्यूझीलंड ७० टक्के, ऑस्ट्रेलिया ६९.२. पानटपरीवर थांबलो आणि एसटी गेली, त्यातला प्रकार.

विजय किती मोठा, याला मात्र काही किंमत नाही. रणजीत डावाने किंवा १० गडी राखून जिंकलं तर ६ ऐवजी ७ मिळतात, इथं तसला बोनस नाही. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, नागपूरचं जामठा मैदान सकाळी निघून संध्याकाळी परतण्यासारखं. ९ फेब्रुवारी २०२३ ला तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी सुरू झाली. गुरुवार-शुक्रवार कामाचे, म्हणून पोट्ट्यांसोबत रविवारी, चौथ्या दिवशी जायचं ठरवलं, गाडी सांगून ठेवली. शनिवारी दुपारी ऑस्ट्रेलिया ९१ मध्ये गुंडाळली, डाव आणि १३२ धावांनी आपण जिंकलो. गाडीवाल्याला ‘राहू दे’ म्हणून फोन करताना आनंद झालाय की राग आलाय तेच कळत नव्हतं. त्या एवढ्या धुलाईचेही १२, आणि दोन गडी राखून कसंबसं निसटलं तरी १२.

तुमची चीड मला मान्य आहे, पण ती टक्क्यांवर काढू नका. खरी खोट वेळापत्रकात आहे. ९ संघ, प्रत्येकाच्या ६ मालिका, तीन घरी, तीन बाहेर. म्हणजे दोन संघांशी गाठच पडत नाही. आफ्रिकेला त्या दोन वर्षांत साखळीत ना ऑस्ट्रेलिया भेटली ना इंग्लंड. आपण दोघांशीही पाच-पाच खेळलो. झडती मोजा, पण एकाला काळी कसदार जमीन आणि दुसऱ्याला मुरमाड, हे कोण बघणार? शिवाय आपली पाकिस्तानशी मालिकाच होत नाही, आणि झिम्बाब्वे, आयर्लंड, अफगाणिस्तान कसोटी खेळत असूनही या स्पर्धेत नाहीत. याला जागतिक अजिंक्यपद म्हणायचं तर म्हणा बाप्पा.

आफ्रिकेला मात्र फुकटचं काही मिळालेलं नाही. त्यांच्याच बोर्डाने घरच्या टी-२० लीगसाठी मुख्य खेळाडू मागे ठेवले आणि २०२४ च्या सुरुवातीला न्यूझीलंडला नवख्यांचा संघ पाठवला. कर्णधाराचीसुद्धा ती पहिलीच कसोटी. २-० हरले. तिथून पुढं वेस्ट इंडिज, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान, एकाही मालिकेत हार नाही.

त्यातला एक दिवस मी विसरणार नाही. २९ डिसेंबर २०२४, सेंच्युरियन, पाकिस्तानविरुद्ध १४८ हव्या होत्या. जिंकले की फायनल पक्की. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होती. चारच्या पुढं धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला, बाया एकेक गाठोडं आणून अडकवत होत्या, मी वजन पाहून वहीत टाकत होतो, आणि मोबाईल वहीवरच आडवा. ४ बाद ९६ वरून एकदम ८ बाद ९९. मोहम्मद अब्बास सुटलाच होता, डावात सहा घेतले त्यानं. मग रबाडा आणि यान्सेन उभे राहिले. रबाडाने चौकार मारला की मी ओरडायचो. ‘काहून ओरडून राहिले, भाऊ?’ एका मावशीनं विचारलं. तिचं वजन भरलं ४८ किलो, मी मोठ्यानं वाचलं १४८ आणि तेच लिहिलं. ती म्हणे, ‘मी बाई हाओ का मशीन?’ दोन गडी राखून जिंकले, रबाडा नाबाद ३१. गोलंदाजाच्या बॅटीवर त्यांनी लॉर्ड्स गाठलं.

आणि फायनलला गाठ पडली ती साखळीत न भेटलेल्या ऑस्ट्रेलियाशीच. जून २०२५. पहिल्या डावात आफ्रिका १३८ मध्ये आटोपली, कमिन्सने २८ धावांत ६ घेतले. जिंकायला २८२ पाहिजे होत्या. मार्करम १३६, आणि कर्णधार बावुमा मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत ६६. पाच गडी राखून जिंकले. एवढं बघूनही कुणाला तुक्का वाटत असेल तर त्याच बावुमाचा संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे आला आणि २-० ने जिंकून गेला, त्यात गुवाहाटीत ४०८ धावांनी.

माझी तक्रार एकच, फायनल दर खेपेला इंग्लंडमध्येच. २०२१ साउदॅम्प्टन, २०२३ ओव्हल, २०२५ लॉर्ड्स, आणि पुढच्या तिन्हीही तिकडंच ठरल्यात. ओव्हलला आपला उमेश यादव होता, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला गडी. पण हवा, चेंडू, ढग सगळं त्यांच्याकडचं. अशी एक फायनल जामठ्याच्या फिरकीवर खेळवा, मग गंमत बघू.

राहिला तुमचा ड्रॉचा प्रश्न. फायनल ड्रॉ किंवा टाय झाली तर दोघंही संयुक्त विजेते. पावसाने वेळ खाल्ला तर एक राखीव दिवस असतो, २०२१ ला तो वापरलाही गेला. मार्च २०२५ मध्ये जामठ्यात केरळविरुद्धची रणजी फायनल ड्रॉ होऊन आपला विदर्भ ३७ धावांच्या आघाडीवर चॅम्पियन झाला, तशी पहिल्या डावाच्या आघाडीची सोय इथं नाही. ती असती आणि लॉर्ड्सला चौथा, पाचवा आणि राखीव असे तिन्ही दिवस पाऊस लागला असता, तर गदा ऑस्ट्रेलियाकडे गेली असती. पहिल्या डावात ते ७४ ने पुढं होते.